डाळ परवडते, ओटा मिळत नाही

पुण्यात शिकायला आलेल्या मुलाचं दोन वेळचं सकस जेवण, नाश्त्यासकट, दिवसाला सत्तर रुपयांच्या किराण्यात बसतं. त्यात पाव लिटर दूध आलं, भाजी आली, मूठभर शेंगदाणेही आले. हिशेब पुढे देतो. पण एवढ्या स्वस्तात भागत असेल, तर सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतली मुलं दोन वडापाव आणि दोन चहांवर दुपार का ढकलतात? वडापाव-चहाचे साठ रुपये होतात आणि पाच वाजता पोटात पुन्हा खड्डा पडतो.

उत्तर खोलीच्या दारामागे चिकटवलेलं आहे. 'खोलीत स्वयंपाक करण्यास सक्त मनाई.' बीड, यवतमाळ, नंदुरबार, सिंधुदुर्ग, कुठूनही पोर येऊ द्या, कॉट बेसिसवर जागा घेताना ही अट त्याच्या पुढ्यात असते. चार कॉट, चार पत्र्याच्या पेट्या, एक पंखा, एक बल्ब. डाळ विकायला कोपऱ्यावर दुकान आहे, शिजवायला वीतभर जागा नाही. विद्यार्थ्यांच्या महागाईवर बोलताना आपण भावांवर बोलतो आणि ओट्याबद्दल गप्प बसतो. माझं म्हणणं एवढंच आहे: विद्यार्थ्याचं पोट भावांपेक्षा या बंदीने जास्त मारलं आहे.

आता हिशेब. किरकोळ दुकानातले ढोबळ भाव धरतो, गावागणिक उन्नीस-बीस होईल. ज्वारी, गहू, तांदूळ मिळून दिवसाला साडेतीनशे ग्रॅम धान्य: सतरा रुपये. पन्नास ग्रॅम डाळ आणि पन्नास ग्रॅम हरभरा किंवा मटकी: तेरा रुपये. चाळीस ग्रॅम शेंगदाणे: सहा रुपये. हे झाले छत्तीस. त्यात प्रथिनं साठ ग्रॅमच्या वर जातात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेलं प्रमाण पासष्ट किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि पंचावन्न किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम आहे. म्हणजे छत्तीस रुपयांत प्रथिनांचा प्रश्न मिटला. उरलेल्या चौतीस रुपयांत दूध पंधराचं, तेल चाराचं, आणि पंधरा रुपयांत कांदा, लिंबू, एखादी पालेभाजी. यासाठी आहारतज्ज्ञ लागत नाही. तीन लिटरचा कुकर लागतो.

दहा रुपयांची नोट घेऊन दुकानात उभे राहा. हरभरा घेतलात तर प्रथिनं वीस ग्रॅमच्या आसपास मिळतात. शेंगदाण्यांत सतरा-अठरा. सोयाबीनच्या वड्या घेतल्यात तर चाळीसच्या आसपास, कारण तेल काढून उरलेल्या त्या वडीत वजनाच्या निम्मी प्रथिनं असतात. झटपट नूडल्सच्या सत्तर ग्रॅमच्या पाकिटात पाच-सहा ग्रॅम. दहाची ती नोट पाकिटाला पुरतही नाही, वर थोडे घालावे लागतात. तरी रात्री अकरा वाजता पोरगं नूडल्सच आणतं, कारण किटलीतल्या उकळत्या पाण्यात ते एकच मऊ होतं. हरभऱ्याला शिट्ट्या लागतात.

लातूरला या. अकरावी-बारावीच्या शिकवण्यांसाठी सगळा मराठवाडा या शहरात मुलं पाठवतो. त्याच शहराच्या आडत बाजारात सोयाबीन आणि तुरीच्या गाड्या उतरतात, त्याच शहरात डाळमिली चालतात. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या खाली होता. किलोला पन्नास रुपयेही हातात न पडता बापाने माल सोडला, आणि त्या पैशातून फी भरलेलं पोरगं त्याच शहरात बिस्किटाच्या पुड्यावर रात्र काढतं. ज्याच्या घरची तूर राज्याला वरण पुरवते, त्याच्या ताटात डाळ पातळ का? शेतीमालाच्या भावावर भाषणं देणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाला तोंड द्यावं.

सरकारच्या कराकडे बघा. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद, छापील डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के जीएसटी बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले, तेव्हा नूडल्स १२ वरून ५ वर आल्या, बिस्किटं १८ वरून ५ वर आली. पाकीटबंद डाळ ५ वरच राहिली. तूरडाळ आणि नूडल्स आज एकाच रांगेत उभ्या आहेत. ज्या पिकाला हमीभाव द्यावा लागतो त्याच पिकाच्या पिशवीवर कर घ्यायचा, हे धोरण चूक आहे आणि ते बदललं पाहिजे. तोवर मुलांनी सुटी डाळ घ्यावी. सुट्यावर कर शून्य. वाण्याच्या पोत्यातली डाळ हातावर घेऊन पाहावी, खडा-किडा तपासावा, आणि चकचकीत पिशवीला नमस्कार करावा.

अंड्यावरची बंदी ही दुसरी दंडेली. कित्येक खोल्या देतानाच सांगितलं जातं की आणायचं नाही, उकडायचं नाही, टरफल कचऱ्यात दिसता कामा नये. सात-आठ रुपयांत सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं देणारी वस्तू दहा मिनिटांत उकडते. ती खाणाऱ्या पोराला लपूनछपून खावी लागते. कुणी काय खावं हे भाडं घेणारा ठरवणार असेल, तर त्याने भाड्यासोबत पोराच्या पोटाचीही जबाबदारी घ्यावी. आपल्याकडे जेवणाच्या आडून जात विचारण्याची खोड जुनी आहे. विद्येच्या माहेरघरात ती खपवून घेऊ नये.

आता भत्त्यांकडे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. चांगली योजना आहे. मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले, त्यातले ३२,००० जेवणाचे. दिवसाला सत्त्याऐंशी रुपये. सत्तरच्या किराण्याला हे पुरतात, मेसला पुरत नाहीत. पेठांत दोन वेळची मेस महिना तीन हजारांच्या आसपास पडते. दहा महिन्यांचे तीस हजार झाले. उरलेल्या दोन हजारांत दहा महिन्यांचा नाश्ता आणि सुट्टीतलं जेवण बसवा. योजना आखताना मुलगा स्वतः रांधेल असं धरलं होतं की मेसला जाईल असं? रांधेल असं धरलं असेल तर ओट्याची तरतूद कुठे आहे? मेसला जाईल असं धरलं असेल तर रक्कम अपुरी आहे. आणि हप्ता उशिरा आला तर मेसवाल्याची उधारी पोराच्या डोक्यावर, याचाही जाब खात्याने द्यावा.

आदिवासी वसतिगृहांतल्या मुलांनी हा प्रश्न रस्त्यावर आणला होता. २०१८ साली मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात टाकायचं ठरलं, आणि त्या जुलैत ही मुलं पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी निघाली. मागणी साधी होती: पैसे नकोत, जेवण द्या. पैसा पोटात जात नाही, तो आधी शिजावा लागतो, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

एक हक्क मात्र हाताशी असून वाया जातो आहे: रेशन. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर नाव असलेल्या प्रत्येकाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. 'एक देश, एक रेशनकार्ड' व्यवस्थेत कार्डावरचा माणूस देशात कुठल्याही रेशन दुकानात अंगठा देऊन धान्य उचलू शकतो. सगळं एकदम उचलावं लागत नाही. मुलाने आपला वाटा पुण्यात घ्यावा, बाकीचा घरच्यांनी गावात घ्यावा, अशी सोय त्यातच आहे. आधार जोडलेलं हवं, ई-केवायसी झालेली हवी, बस. महिन्याच्या दहा-साडेदहा किलो धान्यातलं पाच किलो असं फुकट येतं. हे महाविद्यालयात प्रवेशाच्या दिवशी कुणी सांगतं का? माहितीपुस्तिकेत जिमखान्याचे फोटो असतात. या एका परिच्छेदाला तिथे जागा मिळाली तर गरीब घरातल्या मुलाचा महिन्याला दोन-अडीचशेचा भार हलका होईल. दुकानदाराने 'बाहेरगावचं कार्ड चालत नाही' म्हटलं तर ते खोटं आहे. मुलांनी तिथून हलू नये, तक्रार करावी.

मुलींबद्दल वेगळं बोललंच पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. पोषण संस्थेच्या हिशेबाने पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, स्त्रीला २९. मुलींच्या वसतिगृहात मात्र ताट मुलांच्या ताटापेक्षा लहान, आणि रात्री आठनंतर बाहेर पडायची सोय नाही. भूक लागली तर काय खाणार? चहा. तोही जेवणाला लागून, म्हणजे जेवणातलं लोह अंगी लागायचं तेही कमी. बाजरी, पालेभाजी, मोडाची कडधान्यं आणि वर पिळलेलं लिंबू, याला काही फार पैसे पडत नाहीत. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी गेट बंद करायची वेळ पाळतात तशी लिंबाची फोड ताटात पडते की नाही हेही पाहावं.

आणि आईबाबांनो, तुमच्याकडेही बोट आहे. बारावीला नव्वद टक्के मिळवलेल्या मुलाला कुकरला पाणी किती घालायचं हे माहीत नसतं. मुलीला शिकवता, मुलाला शिकवत नाही. पुण्यात आला की तो मेसचं आणि टपरीचं कायमचं गिऱ्हाईक होतो. मुगाची खिचडी, पिठलं, वरण-भात, उसळ आणि अंड्याची बुर्जी, एवढे पाच पदार्थ आले तरी पोरगं जगात कुठेही उपाशी राहत नाही. बारावीच्या निकालानंतर कॉलेज उघडेपर्यंत वेळ असतो. त्या वेळात सुनेची वाट न बघता पोराला ओट्यापाशी उभं करा.

ज्यांच्याकडे आज शेगडी नाही त्यांनी काय करायचं? आपल्या आजी-पणजींनी याचं उत्तर देऊन ठेवलंय. दडपे पोहे करा: पातळ पोह्यांवर बारीक कांदा, ओलं खोबरं, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू, आणि वर झाकण दाबून दहा मिनिटं. सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात किंवा दुधात कालवा. मेतकूट दह्यात कालवून भाकरीला लावा. फुटाणे-गूळ खिशात ठेवा. घरून येताना शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी आणा, ती महिनाभर टिकते.

मटकीचं तर नीट सांगतो. सकाळी लेक्चरला जाताना दोन मुठी मटकी स्टीलच्या डब्यात भिजत घालायची. संध्याकाळी पाणी काढून टाकायचं, मटकी जुन्या धुतलेल्या सुती रुमालात घट्ट बांधायची आणि त्याच डब्यात ठेवून झाकण नुसतं टेकवायचं. सकाळी रुमालातून पांढरे मोड बाहेर डोकावतात. मटकी दुपटीहून जास्त फुगते. ती स्वच्छ पाण्याने धुवायची, किटलीतल्या उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवायची, मग कांदा, टोमॅटो, मीठ, तिखट, लिंबू. बारा-पंधरा रुपयांत दोघांचा नाश्ता. उन्हाळ्यात मोड लवकर येतात आणि आंबूसही लवकर होतात, म्हणून रुमाल कोरडा पडू देऊ नका आणि मोड आल्यावर डबा तसाच ठेवून देऊ नका. पोट बिघडलं तर परीक्षाही बिघडते.

एकट्याने पाव-पाव किलो घेतलं की वाणी किरकोळीचा वरचा भाव लावतो. चौघांनी मिळून घ्या. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून हेच करून दाखवलं आहे. शेजारची कुटुंबं एकत्र येतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, घाऊक खरेदी होते आणि माल वाटून घेतला जातो. मध्यमवर्गीय गृहिणींनी चालवलेली ही रीत एका मजल्यावरच्या वीस मुलांना जमणार नाही का? महिन्यातून एकदा दोघांनी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागात जावं, तांदूळ-डाळ-शेंगदाणे एकदम आणावेत, वजन करून वाटावेत, आणि पैसे कुणी किती दिले ते भिंतीवरच्या कागदावर लिहावं. उधारीची भांडणं यानेच टळतात.

घरमालकांच्या धास्तीलाही उत्तर आहे. आग लागेल, वीजबिल फुगेल, झुरळं होतील, या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण बंदी घातल्याने त्या थांबत नाहीत, चोरून होतात. इस्त्री उलटी करून तिच्यावर पोळी गरम करणारी मुलं आणि एका बोर्डावर तीन किटल्या लावणारी मुलं तुमच्याच खोल्यांत आहेत. धोका तिथे आहे. त्यापेक्षा मजल्यावर एक सामाईक ओटा द्या. त्याला वेगळा मीटर लावा. दीड हजार वॅटची इंडक्शन शेगडी वीस मिनिटं चालली तर अर्धा युनिट जळतं. त्यात चौघांची खिचडी होते. अर्ध्या युनिटाचे पैसे चौघांत वाटून घ्या, कुणी नाही म्हणणार नाही. वीज नको असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर गॅस कंपन्यांकडून नुसत्या ओळखपत्रावर, पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो. तो अधिकृत आहे. गल्लीबोळात मोठ्या टाकीतून भरून घेतलेला लहान सिलिंडर मात्र जीव घेतो, तो खोलीत येऊ देऊ नका.

मेसवाल्यांवर माझा राग नाही. पेठांतल्या कित्येक मेस मावश्या चालवतात, पहाटे उठून कणीक तिंबतात आणि भाव वाढले तरी पोरांच्या तोंडाकडे बघून ताटाचा दर वाढवत नाहीत. पण रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, गावी गेलं की खाडा धरायचा की नाही यावर वाद होतो, परीक्षेच्या रात्री एक वाजता भूक लागली तर मेसचं दार वाजवता येत नाही. मेस आणि ओटा दोन्ही हवेत. दोन वेळांपैकी एक वेळ मेस आणि एक वेळ हातचं, एवढी सोय झाली तरी महिन्याचा खर्च उतरतो आणि ताट सुधारतं.

मी हे नवं काही मागत नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग उभं केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं कामं वाटून घेत, एकत्र रांधत आणि एका पंगतीत बसत. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. खेड्यातल्या पोराला शिकवायचं तर आधी त्याची चूल पेटली पाहिजे, हे त्या दोघांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं. आज भाऊरावांची जयंती सगळीकडे होते. त्यांची चूल मात्र वसतिगृहांतून हद्दपार झाली.

म्हणून मागणी स्पष्ट मांडतो. प्रत्येक वसतिगृहात, सरकारी असो की खासगी, दर मजल्याला ओटा, नळ आणि वेगळा मीटर. महाविद्यालयाच्या सहकारी भांडारात वह्या-पेनांशेजारी सुटी डाळ, तांदूळ, पोहे, शेंगदाणे, घाऊक भावात. प्रवेशाच्या दिवशी रेशनची माहिती आणि ई-केवायसीचं टेबल. भोजन भत्ता महागाईला बांधलेला आणि सत्र सुरू होताना खात्यात. पाकीटबंद डाळीवरचा कर रद्द. यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टींना मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. प्राचार्य, अधीक्षक आणि घरमालकांनी मनावर घेतलं तर येत्या जूनमध्ये होतील.

पालकांनो, प्रवेश घेताना तुम्ही ग्रंथालय बघता, निकाल बघता, नोकऱ्या किती लागल्या ते विचारता. यंदा काउंटरवर आणखी एक प्रश्न विचारा: माझं पोर इथे शिजवणार कुठे? उत्तर लेखी मागा. शंभर पालकांनी एका आठवड्यात हा प्रश्न विचारला, तर ओटा बांधायला गवंडी आपोआप सापडेल.